मापाला उभा माणूस

अहो,

आज तुमच्या फोटोवरून घरात भांडण झालं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माझ्यावरून? मग मी जरा खाली चक्कर मारून येतो." आणि खरंच चपला घालून निघाला असतात. घरात आवाज चढले की भांडण माझ्यावर सोपवून बाहेर पडायची सवय तुमची जुनीच. या वेळी जरा लांब गेलात, एवढंच.

परवा तेरावं. तुमची शकूताई सकाळपासून कात्रजला आपल्याकडे येऊन बसली आहे. पाटावर कुठला फोटो ठेवायचा, असा तिनं पहिलाच प्रश्न विचारला आणि आमची तिघांची तोंडं तीन दिशांना झाली. आपल्या निखिलनं कपाटातले सगळे अल्बम काढून दिवाणावर पसरले. लग्नातला फोटो लावावा, तर मुंडावळ्यांच्या मागे कोण बसलंय ते मलाच ओळखू येत नाही. आधार कार्डावरचा लावावा, तर तो चौकीतल्या बोर्डावर शोभेल असा. वर्तमानपत्रात तोच दिला होता, नाइलाजानं. समोरच्या काकूंनी बघून विचारलं, "हे तुमचेच हो?"

राहिले मोबाइलमधले. ते भरपूर आहेत. पण ते सगळे गेल्या दोन वर्षांतले, डायलिसिस सुरू झाल्यानंतरचे. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली सूज, मान बारीक झालेली आणि शर्टाची कॉलर तिच्याभोवती मोकळी. अहो, डोळे मिटले की मला हल्ली तोच चेहरा दिसतो. इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केला आणि डोक्यात राहिला तो शेवटच्या दोन वर्षांचा माणूस. मला तो नकोय. मला मधला हवाय, भरल्या गालांचा, चिडका, वरच्या दाताचा टवका उडालेला. तो आठवायला गेलं की दोन क्षण येतो आणि लगेच विरघळतो. भांडण त्यावरून आहे, पाटावर काय ठेवायचं त्यावरून नाही. हे शकूताईला कळत नाही आणि मला तिला सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मधल्या वर्षांतले एवढे फोटो आहेत की! आहेत ना. अल्बमच्या अल्बम आहेत. फक्त त्यात तुम्ही नाही. त्यात दगड आहेत.

तुमचा छंद बायकांना सांगताना माझी कायम पंचाईत व्हायची. कोणाचा नवरा नाणी जमवतो, कोणाचा पेटी वाजवतो. "तुमच्या मिस्टरांना कशाची आवड?" "डोंगराला पडलेल्या भोकांची." काय सांगणार दुसरं? वाऱ्यापाण्यानं दगड झिजून झालेल्या कमानी, उभे सुळके, एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल अशा घळी. जगात कुठं काय आहे ते तुम्हाला पाठ. अमेरिकेतल्या वाळवंटातल्या लाल कमानी, चीनमधला तो आरपार भोक पडलेला डोंगर, आफ्रिकेत वाळूमध्ये एकटीच उभी असलेली कमान. मुंबईचा रस्ता चुकणारा माणूस, पण जॉर्डनमधल्या त्या चिंचोळ्या दगडी गल्लीतून चालत गेलं की पुढं काय दिसतं ते मला पोळ्या लाटताना सांगत असे. आपला पासपोर्ट मात्र शेवटपर्यंत कोरा राहिला.

आपल्या वाट्याला सह्याद्री आला. आणि तिथं तुमचा फोटोचा एक नियम होता. कंपनीत ड्रॉइंग सेक्शनमध्ये जन्म गेला तुमचा, त्यामुळे माप नसलं की तुमचा जीव कासावीस व्हायचा. "माप नाही ते ड्रॉइंग नाही, चित्र आहे," हे तुमचं ठरलेलं वाक्य. म्हणून दगडाचा फोटो काढताना त्यात माणूस पाहिजे. किती मोठं आहे ते कळायला. मग कॅमेरा माझ्या हातात देऊन तुम्ही टणाटण उड्या मारत वर जायचात आणि भोकात जाऊन उभे राहायचात. "माझा काढू नकोस हं, बाई. दगडाचा काढ. मी नुसता मापाला उभा आहे."

शाळेतली मुलं मला बाई म्हणायची म्हणून तुम्हीही बाई म्हणायला लागलात, आधी थट्टेनं आणि मग कायमचंच. आता या घरात मला बाई म्हणणारं कोणी नाही.

आणि मी मराठी शिकवणारी बाई, त्यामुळे पहिल्याच ट्रेकला आपलं वाजलं. तुम्ही म्हणालात, "ती बघ नैसर्गिक कमान." मी म्हणाले, "कमान काय? सरळ नेढं म्हणा." सुईला असतं ते नेढं. गावातली माणसं डोंगरातल्या भोकाला तोच शब्द वापरतात. केवढा सुंदर शब्द. दोरा ओवायची जागा, तीच डोंगराला. तुम्हाला तो शब्द आवडला, पण पटला नाही. "कमान म्हटलं की दगड दिसतो," तुम्ही म्हणालात, "नेढं म्हटलं की नुसतं भोक. अगं, वजन कोण पेलतंय? दगड. भोक काय पेलतंय? काही नाही. नाव ज्याचं त्याला द्यावं." मी म्हणाले, "दगड काय, सगळ्या डोंगराला आहे. बघायला आपण आलोय ते भोक." झालं. तिथून जो वाद लागला, तो आपण आयुष्यभर पुरवून पुरवून खाल्ला.

त्यात माझे फोटो. मला हवं असायचं भोक, आणि भोकातलं आभाळ. त्यामुळे मी कॅमेरा धरायचे तो सरळ उजेडावर. व्हायचं काय, आभाळ झकास यायचं, नेढ्याची कड सुरेख यायची आणि मधला माणूस काळाठिक्कर. रोल धुऊन आला की तुम्ही कपाळाला हात लावायचात. "दगडाचा पोत दिसत नाही, थर दिसत नाही, काही नाही. उजेडावर धरू नकोस, बाजूनं काढ, किती वेळा सांगायचं?" मी म्हणायचे, "तुम्ही मापालाच उभे आहात ना? मग माप दिसतंय की." पुढच्या डोंगरावर पुन्हा तेच. मी काही बदलले नाही आणि तुम्ही ओरडायचं सोडलं नाही.

म्हणून आज दिवाणावर पसरलेल्या सगळ्या फोटोंत तुम्ही आहात आणि एकाही फोटोत तुमचा चेहरा नाही.

त्यातल्या त्यात बरा निघाला तो राजगडावरचा. आठवतो ना? सुवेळा माचीच्या नेढ्यात तुम्ही उभे आहात, एक पाय दगडावर, उजवा हात वर. निखिल तेव्हा पहिली-दुसरीत असेल. माझा पदर धरून खाली उभा होता. तुम्ही वरून नेहमीप्रमाणे ओरडायला सुरुवात केलीत, "बाई! उजेडावर नको! डावीकडे हो!" आणि खालून एक गाववाला पळत आला. "अवं सायेब, वरडू नगा! म्हवळ हाय तिथं!" बघते तर खरंच तुमच्या डोक्यावर कडेला मधमाश्यांचं हे एवढं पोळं. मग काय, तुमचा आवाज बंद झाला, पण राग काही बंद झाला नाही. तोंडानं मुके, डोळ्यांनी माझ्यावर डाफरताय, आणि हातानं चाललंय, सरक, सरक, बाजूला हो. मला इतकं हसू यायला लागलं की कॅमेरा हलत होता. आणि मी एक पाऊलही न सरकता तो फोटो काढला.

आता तोच फोटो हातात घेऊन शकूताई म्हणते, "बघ, आशीर्वाद देतोय. चेहरा तेवढा दिसायला हवा होता."

आशीर्वाद! अहो, माझ्या बाजूनं तिला कोणी सांगा की हा माणूस त्या क्षणी मला मनातल्या मनात शिव्या घालत होता.

तिरुपतीची गोष्टही तिला मीच सांगितली होती, तिला ती अजून खरी वाटत नाही. निखिलला नोकरी लागली म्हणून आपण बालाजीला गेलो. देवळाच्या मागच्या बाजूला डोंगरावर ते शिलातोरण आहे, दगडाची आपोआप झालेली कमान, हे तुम्ही मला आधी सांगितलंच नव्हतंत. सांगितलं असतंत तर मी दुसरा देव निवडला असता. दर्शनाची वेळ ठरलेली, आणि तुम्ही त्या कमानीसमोर लोखंडी कठड्याला धरून उभे. आत जाऊ देईनात. तुम्ही पहारेकऱ्याला मराठीत विनवताय, तो तेलुगूत नाही म्हणतोय, दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतंय. शेवटी मी म्हणाले, इथूनच काढते फोटो, चला. तर तुम्ही मान हलवलीत. "मापाला माणूस नाही तर फोटो कशाला? ती खिडकीएवढी आहे की गोपुराएवढी, कळणार कसं बघणाऱ्याला?" फोटो काढू दिला नाहीत तो नाहीतच. दर्शनाची वेळ चुकली ती चुकलीच. परत येताना गाडीत मी तुमच्याशी बोलत नव्हते आणि तुम्ही शांतपणे लाडू खात होतात.

देव पावला नाही म्हणून तुमची किडनी गेली, असं शकूताई अजून म्हणते. मी म्हणत नाही. पण मनात येतं हो कधीकधी. माणूस खचला की काहीही मनात येतं.

डायलिसिसचे ते दिवस. एक हात सुयांनी बांधलेला, दुसऱ्या हातात निखिलनं घेऊन दिलेला टॅब. चार-चार तास तुम्ही जगभरच्या कमानी बघत पडून राहायचात. शेजारच्या खाटेवर मांजरी गावचे ते आजोबा असायचे, उसाची जमीन बिल्डरला देऊन बसलेले. एकदा त्यांनी मान लांब करून विचारलं, "काय बघताय वो कवाधरनं?"

"कमान आहे. दगडाची. आपोआप झालेली."

"भोक पडलंय व्हय डोंगराला?" त्यांनी नीट निरखून बघितलं. "आमच्याकडं यवढा दगड असता तर कवाच फोडून खडी केली असती."

तुम्ही इतके हसलात की मशीन वाजायला लागलं आणि सिस्टर धावत आली. त्यानंतर तुम्ही दोघं जिगरी दोस्त. ते दिवाळीनंतर यायचे बंद झाले. तुम्ही विचारलं नाहीत आणि कोणी सांगितलं नाही. त्यांच्या खाटेवर दुसरं कोणी आलं आणि तुम्ही टॅब जरा आपल्याकडे वळवून धरायला लागलात.

आपला वाद मात्र त्याआधीच थांबला होता, बरं का. त्यातला शेवटचा फेरा तुम्हाला आठवत असेल. कितीतरी वर्षं झाली त्याला. माल्टा बेटापाशी समुद्रात दगडाची भलीमोठी खिडकी होती, तुमची लाडकी. ती वादळात पडल्याची बातमी तुम्ही सकाळी चहाबरोबर वाचलीत आणि चहा तसाच ठेवलात. घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा. मला वाईट वाटलं, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "पडलं काय? दगड ना? नेढं कुठं पडलंय? भोक कसं पडेल? ते तिथंच असणार, नुसते काठ गेले."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "काठ नसलेल्या भोकाला भोक म्हणत नाहीत, बाई. हवा म्हणतात."

मी गप्प. पहिल्यांदा. तुम्ही विजयी मुद्रेनं तो गार चहा पिऊन टाकलात. त्यावर काय बोलायला हवं होतं, ते मी कितीतरी दिवस शोधत होते. भाजी निवडताना, बसमध्ये, पेपर तपासताना. मग निवृत्ती आली, निखिलचं लग्न आलं, मग तुमचे रिपोर्ट आले, आणि उत्तर राहून गेलं. इस्पितळात वाद घालायचा नसतो असं मला कोणी शिकवलं कोण जाणे. घालायला हवा होता. तुम्हाला औषधांपेक्षा त्यानं बरं वाटलं असतं.

तर आजचं. दुपारी निखिल आपल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन बाहेर आला. चेहरा उजळलेला. "आई, बघ. राजगडचा फोटो स्कॅन केला आणि एका ॲपमध्ये टाकला. एआय आहे. फेस रिकव्हर होतो."

आणि स्क्रीनवर नेढ्यात उभा एक माणूस होता. भरले गाल. सरळ दात. मऊ, प्रेमळ हसू. हात वर, आशीर्वाद देणारा. कोणी महाराज असावेत तसा.

शकूताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. "वसंता! अगदी आपला वसंता! हुबेहूब!"

मी विचारलं, "हा कोण?"

"आई, बाबा आहेत."

"तुझ्या बाबांच्या दाताचा टवका कुठाय? डाव्या भुवईतली खोक कुठाय? आणि हा माणूस माझ्याकडे बघून हसतोय कशाला? तुझे बाबा तेव्हा माझ्यावर भडकले होते."

"तेवढं थोडं इकडंतिकडं होतं गं. काळ्या भागात डेटाच नाहीये ना, मग ते अंदाजानं भरतं."

अंदाजानं भरतं! अहो, मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली ती अंदाजानं नाही काढली. माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते आता सांगत नाही, शकूताई सांगेलच चार घरी. निखिल लॅपटॉप मिटून आत निघून गेला, अगदी तुमच्यासारखा, फक्त चपला न घालता. बिचाऱ्यानं माझ्यासाठीच केलं होतं. "आईला बाबांचा चेहरा आठवत नाही म्हणते," असं बायकोला फोनवर सांगताना मी परवा ऐकलं होतं. ती बाळंतपणाला माहेरी आहे, त्यामुळे हे सगळं तो एकटा झेलतोय. त्यालाही कोणीतरी हवंय हो.

पण खरी गोष्ट अशी की मला राग आला नव्हता, मी घाबरले होते. त्या खोट्या माणसाकडे मी एक मिनिटभर बघितलं असेल, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन डोळे मिटले तर पहिला कोण दिसला? तोच. सरळ दातांचा. तुमची सख्खी बहीण त्याला हुबेहूब म्हणते, उद्या निखिलच्या बाळाला तोच आजोबा म्हणून दाखवतील, आणि पाच वर्षांनी मीही म्हणेन, हो, असेच होते. एकीकडून तो आणि दुसरीकडून इस्पितळातला, दोघांच्या मध्ये तुम्ही चिरडून जाल. तुम्ही एकदा गेलात ते मी सोसलं. दुसऱ्यांदा नाही सोसणार.

मग मी तो मूळ फोटो घेऊन गॅलरीत जाऊन बसले. काळाच तो. नुसती आकृती. बघत बसले, आणि काय सांगू, त्या काळ्यात काहीच दिसत नाही म्हणूनच बहुधा, मला आधी तुमचा आवाज ऐकू आला. "डावीकडे हो!" मग पोळं आठवलं. मग तुमचे मोठ्ठे झालेले डोळे, आवाज दाबल्यामुळे फुगलेले गाल, चिडलात की वर जाणारी ती डावी भुवई, अर्धवट उघडं तोंड आणि त्यातला टवका उडालेला दात. सगळे एकेक करून आले आणि बसले आपापल्या जागी. मी तिथं ढसाढसा रडले. खालून दुधाची गाडी हॉर्न वाजवत गेली, समोरच्या काकू वाकून बघत होत्या, बघू देत.

थोड्या वेळानं निखिल येऊन शेजारी बसला. माझ्या हातातला फोटो वाकून बघितला. मग म्हणाला, "बाबा तेव्हा असं करत होते ना?" आणि बसल्या बसल्या त्यानं हात वर केला आणि गाल फुगवून, डोळे वटारून, हुबेहूब तुमच्यासारखं केलं. सरक, सरक, बाजूला हो. मला विसरच पडला होता, माझा पदर धरून तोही तिथंच होता की. त्यानं तो चेहरा माझ्याइतकाच बघितला होता. आम्ही दोघं हसता हसता रडलो आणि रडता रडता हसलो, काही म्हणा.

"मी ते डिलीट करतो," तो म्हणाला.

"नको. आत्याला पाठव. तिला आवडलाय, राहू दे तिच्याकडे. या घरात नको."

अहो, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही इथं होतात तेव्हाच सांगायला हवी होती, पण तेव्हा ती गोष्ट झालेली नव्हती, होत होती. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी खिडकीला पाठ करून स्टुलावर बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत, किलकिले केलेत, आणि बारीक आवाजात म्हणालात, "बाई, उजेड मागे आहे. तुझा चेहरा दिसत नाहीये."

आणि मी सरकले. आयुष्यात पहिल्यांदा, तुम्ही सांगितल्याबरोबर, एक शब्द न बोलता. स्टूल उचलून खाटेच्या दुसऱ्या बाजूला आले, खिडकीकडे तोंड करून. तुम्ही बघत राहिलात. किती वेळ बघितलंत. मग म्हणालात, "हां." बस, एवढंच. आपलं खरं बोलणं तिथं संपलं. पुढच्या दिवसांत तुम्ही बोललात ते पाणी आणि कूस, एवढंच. त्या "हां"चा अर्थ मी रोज नवा लावते. तुम्ही असतात तर विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, "अगं, हां म्हणजे हां."

संध्याकाळी मीच फ्रेमवाल्याकडे गेले. तो फोटो हातात घेऊन उलटसुलट करत बसला. "काकू, चेहराच दिसत नाहीये. दुसरा नाही का?" मी म्हणाले, "आहे. पण हाच करा." "काच साधी की बिनचमकीची?" "बिनचमकीची. उगाच उजेड पडायला नको त्यांच्यावर, ओरडतात." त्या पोराला काही कळलं नाही. उद्या देतो म्हणाला.

परवा लोक येतील. हार घालतील, वाकून बघतील, आपसांत कुजबुजतील, अहो, फोटोत चेहरा कुठाय? शकूताई कोपऱ्यात मोबाइलवर दुसरा फोटो दाखवत बसेल. मी काही सांगत बसणार नाही.

पण तुम्हाला सांगते. तुमच्या त्या हवेचं उत्तर मला सापडलंय. सकाळी उठून मी दोन कप आधण ठेवते आणि मग एक कप ओतून देते. बेल वाजली की तुम्ही उघडाल म्हणून दोन क्षण थांबते. आंघोळीला जाताना बाहेरून कोणी "गीझर बंद कर" म्हणत नाही. काठ कुठेच नाहीत याला, अगदी बरोबर, तुम्ही म्हणालात तसंच. घरभर नुसती हवा आहे. पण म्हणून भोक नाही असं नका म्हणू, मी रोज त्यातून ये-जा करते. लोक समाचाराला येतात, चहा पितात, "होईल हळूहळू सवय" म्हणतात आणि जातात. त्यांना वाटतं, खिडकीएवढं असेल. त्यांचा काय दोष? माप नाही तर कळणार कसं बघणाऱ्याला?

म्हणून तुम्ही त्या नेढ्यात उभे राहा. हात वर असू दे, चिडलेले असा, चालेल. फक्त तिथून हलू नका. केवढं आहे ते कळू दे सगळ्यांना.